थेंबातील शिकार : काही क्रियापदांचा इतिहास

साहित्याच्या वर्गात चेतनगुणोक्ती हा अलंकार शिकवताना सहसा अडचण येत नाही. निर्जीव वस्तू सजीवाप्रमाणे, त्यातही माणसाप्रमाणे, वागत असल्याचे वर्णन असले की चेतनगुणोक्ती झाली, एवढे सांगून आणि दोन उदाहरणे देऊन पुढच्या अलंकाराकडे वळता येते. परंतु जिच्याविषयी बोलावयाचे ती वस्तू निर्जीव नसेल, आणि आपण ज्याला मन म्हणतो ते तिच्या ठायी आहे की नाही हेही निश्चित नसेल, तर काय करावयाचे? ‘एका पेशीचा जीव दुसऱ्या एका पेशीच्या जीवाची शिकार करतो’ हे वाक्य अलंकारिक समजावयाचे की वस्तुस्थितीचे साधे कथन समजावयाचे?

हा प्रश्न अलंकारशास्त्राच्या पुस्तकातला वाटतो खरा. पण गेली साडेतीनशे वर्षे तो सूक्ष्मदर्शकापाशी बसलेल्या माणसांनी हाताळलेला आहे. त्या माणसांना डोळ्यांनी काहीतरी दिसत होते आणि ते शब्दांत उतरवावयाचे होते. शब्द उपलब्ध होते ते वाघ-हरणांच्या, कुत्र्या-सशांच्या आणि माणसांच्या जगातले. प्रस्तुत लेखात या इतिहासातील काही टप्पे आम्ही पाहणार आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, शास्त्रीय गद्यातील क्रियापद हे शोभेसाठी नसते, ते एक विधान असते. आणि सूक्ष्म जीवांच्या शिकारीविषयीचे ज्ञान वाढले ते अशी क्रियापदे वगळून नव्हे, तर एकेक क्रियापद तपासून घेऊन.

१. थेंबातील दृश्य

वाळलेले गवत पाण्यात भिजत घालून भांडे काही दिवस सावलीत ठेवले की पाण्यावर जिवाणूंची पातळ साय धरते. त्यात तळ्याचे थोडे पाणी मिसळले असेल तर त्या जिवाणूंवर जगणारे जीव वाढीस लागतात. त्यांतले सर्वांच्या परिचयाचे म्हणजे पॅरामेशियम. चपलेच्या तळव्यासारखा आकार, अंगभर पक्ष्माभिका नावाचे बारीक केस आणि त्यांच्या लयबद्ध हालचालीने स्वतःभोवती गिरकी घेत पुढे जाण्याची रीत, हे सारे शाळेच्या पुस्तकातील आकृतीत सापडते. पॅरामेशियमची लांबी मिलिमीटरच्या चौथ्या-पाचव्या भागाइतकी असते.

याच पाण्यात कधीकधी डिडिनियम नावाचा दुसरा जीव असतो. तो पिंपाच्या आकाराचा, पॅरामेशियमहून बहुधा लहान. अंगाला पक्ष्माभिकांचे दोन पट्टे आणि पुढच्या टोकाला शंकूसारखे लहानसे नाक. हे नाक पॅरामेशियमच्या अंगाला टेकले की ते तिथे चिकटते. पॅरामेशियमची धडपड थोड्या वेळात मंदावते, डिडिनियमचे तोंड रुंदावत जाते आणि स्वतःहून मोठे भक्ष्य ते सबंध गिळून टाकते. गिळून झाल्यावर पिंपाचा आकार काही काळ ओळखू येत नाही, इतके ते फुगलेले असते.

आमच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांनी हे दृश्य दाखवले तेव्हा आम्हां मराठीच्या अध्यापकांच्या तोंडून ‘धरलंन्’, ‘सुटतंय बहुतेक’ आणि ‘बिचारं’ असे उद्गार निघाले. यांतला ‘बिचारं’ हा शब्द दोघांपैकी कोणासाठी होता हे सांगावयास नको. साधारणीकरणाची प्रक्रिया शिकवताना आपण रंगभूमीची उदाहरणे देतो. येथे रंगभूमी म्हणजे एक काचपट्टी होती, आणि जिच्याशी आमची सहानुभूती जडली तिला मेंदू तर राहोच, एकही मज्जापेशी नव्हती. पाहणाऱ्याच्या मनात भाव जागे होतात एवढ्यावरून पाहिलेल्या वस्तूत ते भाव असल्याचे सिद्ध होत नाही. पण म्हणून तिच्यात केवळ यांत्रिक हालचाल आहे असेही सिद्ध होत नाही. या दोन टोकांमधली वाट शोधण्याचा इतिहास पुढे येतो.

२. ‘चिमुकले प्राणी’ हे नाव

हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहूक याने ९ ऑक्टोबर १६७६ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीला एक दीर्घ पत्र लिहिले. त्याला लॅटिन येत नव्हते. पत्र त्याच्या बोलीत, म्हणजे डचमध्ये होते. पावसाच्या पाण्यात आणि मिरी भिजत घातलेल्या पाण्यात स्वतः घासलेल्या एकेरी भिंगातून त्याला जे दिसले, त्याला त्याने ‘चिमुकले प्राणी’ अशा अर्थाचा घरगुती डच शब्द वापरला. सोसायटीचा सचिव हेन्री ओल्डनबर्ग याने पत्राचा संक्षिप्त इंग्रजी अनुवाद १६७७ मध्ये छापला आणि या घरगुती शब्दाचे लॅटिन वळणाचे ‘अ‍ॅनिमलक्यूल’ झाले. नामकरण झाले त्या क्षणीच एक निर्णय होऊन गेला. पाण्यात हलणारे जे काही होते ते ‘प्राणी’ ठरले, आणि प्राणी म्हटल्यावर त्याने खाणे, पळणे, भिणे हे ओघानेच आले.

लेव्हेनहूकचे गद्य उपमांनी भरलेले आहे. घंटेच्या आकाराच्या एका जीवाचे वर्णन करताना त्याची शिंगे घोड्याच्या कानांसारखी हलतात असे तो सांगतो. ज्याने कधी कोणी न पाहिलेले पाहिले आहे, त्याला उपमेवाचून दुसरा मार्ग कोणता? लोकांचा विश्वास बसेना म्हणून त्याने आठ प्रतिष्ठित साक्षीदारांची निवेदने लंडनला पाठवली. त्यांत धर्मोपदेशकही होते. अखेर नोव्हेंबर १६७७ मध्ये रॉबर्ट हुकने सोसायटीच्या सभेत ते जीव प्रत्यक्ष दाखवले तेव्हा वाद मिटला. उपमेला साक्षीपुराव्याची जोड द्यावी लागते, ही गोष्ट या विषयात आरंभापासून आहे.

पुढच्या शतकात डॅनिश निसर्गशास्त्रज्ञ ऑटो फ्रेडरिक म्यूलर याने या जीवांना लॅटिन नावे देऊन त्यांचे वर्गीकरण केले. त्याचा मुख्य ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७८६ मध्ये प्रसिद्ध झाला. आज ज्याला डिडिनियम नासूटम म्हणतात त्या जीवाची पहिली नोंद म्यूलरची, १७७३ मधली. ‘नासूटम’ म्हणजे मोठ्या नाकाचा. शिकारीचे मुख्य हत्यार नावातच नोंदले गेले. मात्र ते हत्यार आहे हे कळावयास आणखी शंभर वर्षे जावी लागली.

३. जठरे मोजणारा माणूस

भाषा निरीक्षणाच्या पुढे धावली तर काय होते याचे उदाहरण म्हणजे क्रिस्टियान गॉटफ्रीड एरेनबर्ग. या जर्मन शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये एक भव्य सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. हे सूक्ष्म जीव म्हणजे मोठ्या प्राण्यांप्रमाणेच सर्व इंद्रियांनी परिपूर्ण असे जीव होत, हा त्याचा सिद्धांत ग्रंथाच्या शीर्षकातच होता. पाण्यात नीळ आणि कार्मिन हे रंग मिसळून त्याने ते या जीवांना खाऊ घातले. त्यांच्या शरीरात रंगीत गोल ठिपके दिसू लागले. एरेनबर्गने त्यांना जठरे म्हटले आणि एका मोठ्या वर्गाला ‘बहुजठरी’ असे नाव दिले.

ठिपके खरेच होते. रंगही खरोखर आत गेला होता. चुकीचे होते ते एक नाम. फ्रेंच शास्त्रज्ञ फेलिक्स द्यूजार्दँ याने १८३५ पासून दाखवून दिले की यांतील साध्या जीवांचे शरीर एका चिकट, एकजिनसी, सजीव द्रव्याचे असते. गिळलेले अन्न पाण्याच्या थेंबासह त्या द्रव्यात एका तात्पुरत्या पोकळीत राहते आणि पचन झाले की ती पोकळी नाहीशी होते. जठर हे कायमचे इंद्रिय असते. ही पोकळी जेवणापुरती असते. पुढे १८४५ मध्ये फोन झीबोल्ट याने या जीवांना एका पेशीचे प्राणी ठरवले आणि प्रश्न अधिकच कठीण झाला. जठर नाही, डोळा नाही, मज्जातंतू नाहीत. तरीही ते भक्ष्य पकडतात. मग ‘पकडतात’ याचा अर्थ काय?

४. बाण कोणी सोडला?

डिडिनियमच्या शिकारीचे पहिले गाजलेले वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ एदुआर बाल्बियानी याचे, १८७३ मधले. त्याच्या कथनानुसार डिडिनियम पॅरामेशियमच्या जवळ जाऊन दुरूनच त्याच्यावर सूक्ष्म बाण फेकते. बाण लागून पॅरामेशियम लुळे पडते आणि मग जिभेसारखा अवयव पुढे करून शिकारी त्याला ओढून घेतो. हे कथन कोणाच्याही मनात ठसेल असेच आहे. धनुर्धर आहे, लक्ष्य आहे, नेम आहे. बुद्धिमापनाच्या चाचण्यांमुळे पुढे जगप्रसिद्ध झालेला आल्फ्रेद बिने याने १८८८ मध्ये सूक्ष्म जीवांच्या मानसिक जीवनावर पुस्तक लिहिले, त्यात ही शिकार आली. दुरून नेम धरावयाचा तर भक्ष्य दिसले पाहिजे, अंतर जोखले पाहिजे, योग्य क्षण निवडला पाहिजे. ‘फेकते’ हे एक क्रियापद मान्य केले की त्याच्या पाठोपाठ ‘पाहते’, ‘जोखते’, ‘निवडते’ ही क्रियापदे न बोलावता आत येतात.

अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ एस. ओ. मास्ट याने १९०९ मध्ये डिडिनियमच्या खाण्याच्या सवयींवर विस्तृत निबंध लिहिला. डिडिनियम दुरून काही फेकत नाही. पोहता पोहता त्याचे नाक भक्ष्याला टेकावे लागते, असे त्याच्या निरीक्षणांतून निष्पन्न झाले. ही गाठही योगायोगाची असते. वाटेत येणाऱ्या निरनिराळ्या वस्तूंवर ते आदळते. त्यांतल्या पॅरामेशियमसारख्या वस्तूला नाक चिकटते आणि इतरांना चिकटत नाही. भक्ष्याची ‘निवड’ म्हणून जे दिसत होते, त्यातला मोठा भाग चिकटणे आणि न चिकटणे एवढाच होता. नेम धरणारा धनुर्धर जाऊन त्याच्या जागी चाचपडत हिंडणारा, पण हाताला लागलेले न सोडणारा एक जीव आला.

कथा येथेच संपली असती तर बोध सोपा होता : कवी चुकला, शास्त्रज्ञ बरोबर ठरला. पण १९७० मध्ये वेसेनबर्ग व अँटिपा यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिले तेव्हा डिडिनियमच्या नाकात खरोखरीच बाणांसारखी सूक्ष्म अंगके आढळली. त्यांतली काही भक्ष्याला चिकटून धरणारी आणि काही त्याच्या अंगात घुसणारी असतात, आणि ती स्पर्श होताच सुटतात. म्हणजे ‘बाण’ हे नाम बऱ्याच अंशी टिकले. गेले ते ‘दुरून फेकते’ हे क्रियापद.

पॅरामेशियमच्या त्वचेखालीही ट्रायकोसिस्ट नावाचे असंख्य बाण दाटीने बसवलेले असतात आणि आघात होताच ते बाहेर उडतात. हे संरक्षणासाठी आहेत की कसे, यावर दीर्घकाळ वाद होता. १९९१ मध्ये हारुमोतो व मियाके यांनी डायलेप्टस या दुसऱ्या शिकारी जीवावर प्रयोग केले. ज्या पॅरामेशियमना हे बाण होते ती बहुधा वाचली; ज्यांना ते नव्हते ती सहज मारली गेली. ‘प्रतिकार करते’ हे क्रियापद अशा रीतीने पॅरामेशियमला मिळाले, आणि ते दयेपोटी मिळाले नाही.

५. जेनिंग्जचा अमीबा आणि मराठीचे प्रयोग

या इतिहासातील सर्वांत विलक्षण पाने हर्बर्ट स्पेन्सर जेनिंग्ज याच्या १९०६ मधील ग्रंथात आहेत. क्षुद्र जीवांच्या वर्तनावरील या ग्रंथात त्याने अमीबाच्या दोन पाठलागांचे क्रमवार आकृत्यांसह वर्णन केले आहे. पहिल्यात एक अमीबा युग्लीना या जीवाच्या गोल कोशामागे लागला आहे. स्पर्श होताच कोश घरंगळतो, अमीबा पुन्हा त्या दिशेला वळतो, कोश पुन्हा घरंगळतो. असे बराच वेळ चालते आणि शेवटी दुसराच एक जीव आपल्या पक्ष्माभिकांच्या भोवऱ्यात तो गोळा ओढून नेतो.

दुसरा पाठलाग याहून नाट्यपूर्ण आहे. जेनिंग्जने काचेच्या बारीक कांडीने एक अमीबा कापण्याचा प्रयत्न केला होता. मागचा तुकडा सुरकुतलेल्या गोळ्यासारखा झाला आणि एका बारीक दोरीने मूळ शरीराला लोंबत राहिला. तो ओढत अमीबा चालला असता वाटेत दुसरा, मोठा अमीबा आला. गोळ्याशी स्पर्श होताच तो वळला, मागे लागला आणि त्याने गोळा गिळला, दोरी तुटली. पण थोड्या वेळाने आतला गोळा हालचाल करू लागला, एका फटीतून त्याने छद्मपाद बाहेर काढला आणि तो निसटला. मोठा अमीबा उलट फिरला, त्याने त्याला गाठले आणि पुन्हा गिळले. गोळा काही काळ स्वस्थ राहिला, नंतर शरीराच्या पातळ भागातून पुन्हा बाहेर पडला आणि या वेळी कायमचा सुटला.

आता हाच प्रसंग मराठीत सांगताना काय होते ते पाहण्याजोगे आहे. आधी लिंगाचा प्रश्न येतो. आकारान्त म्हणून ‘अमीबा’ आपल्याकडे पुल्लिंगी झाला, ‘पॅरामेशियम’ नपुंसकलिंगी राहिले. त्यामुळे अमीबा सहजच ‘तो’ म्हणून कोणीतरी होतो आणि पॅरामेशियम ‘ते’ म्हणून काहीतरी राहते. पण याहून महत्त्वाचा आहे प्रयोग. ‘अमीबाने गोळा गिळला’ हा कर्मणी प्रयोग झाला. क्रियापद कर्त्याकडे न पाहता कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. गोळा येथे एक वस्तू आहे. ‘अमीबाने गोळ्याला गिळले’ हा भावे प्रयोग झाला. क्रियापद दोघांपैकी कोणाचेच ऐकत नाही. आणि कर्माला ‘ला’ लागला तो का? मराठीत आपण कर्माला ‘ला’ लावतो तो बहुधा ते सजीव, एक व्यक्ती असे मानतो तेव्हा. ‘दगड उचलला’, पण ‘मुलाला उचलले’. वरचा परिच्छेद लिहिताना पहिल्या वेळी आम्ही ‘गोळा गिळला’ असे लिहिले. गोळा निसटल्यानंतर ‘त्याला गाठले’ असे लिहिल्यावाचून गत्यंतर राहिले नाही. ज्या क्षणी तो तुकडा पळू लागला, त्या क्षणी व्याकरणाने त्याला प्रत्यय दिला.

जेनिंग्जचा समकालीन प्रतिपक्षी जाक लोब याला असे प्रत्यय मान्य झाले नसते. लोबच्या मते क्षुद्र जीवांच्या हालचाली म्हणजे प्रकाश, रसायने, गुरुत्वाकर्षण अशा बाह्य शक्तींनी घडवून आणलेली अपरिहार्य वळणे होत. त्यांत कर्ता शोधण्याचे कारण नाही. आपल्या व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर लोबला जीवांचे सारे वर्तन ‘उजाडले’, ‘गडगडले’ यांसारख्या अकर्तृक क्रियापदांत सांगावयाचे होते. आकाशात गडगडते, तेथे कोण गडगडतो असे आपण विचारीत नाही. तसेच पाण्यात वळते, सरकते, गिळते, बस्स.

जेनिंग्जचे उत्तर मोठे संयमी आहे. वर्तन कसे घडते याचा वस्तुनिष्ठ तपास व्हावा, हे त्याला मान्यच होते. जाणीव आहे की नाही हे बाह्य निरीक्षणाने सिद्ध करता येत नाही, हेही त्याने स्पष्ट सांगितले. पण लोबची सरळ वळणे त्याला प्रत्यक्षात दिसली नाहीत. दिसले ते करून पाहणे, न जमल्यास दुसरे करून पाहणे. अमीबा जर आपल्या रोजच्या अनुभवात येण्याइतका मोठा असता, तर कुत्र्याच्या ठायी आपण भूक, सुख-दुःख, इच्छा मानतो तशाच त्याच्याही ठायी विनाविलंब मानल्या असत्या, असा त्याचा युक्तिवाद होता. अमीबा देवमाशाएवढा असता, तर तसे मानणे कदाचित आपला जीव वाचवण्यासाठीही उपयोगी पडले असते, अशीही पुस्ती तो जोडतो. या युक्तिवादाने अमीबाला मन आहे असे ठरत नाही. ठरते ते एवढेच की मन देण्या-नाकारण्याचा आपला निकष पुष्कळदा आकाराचा असतो. साहित्याच्या अभ्यासकाला ही गोष्ट ओळखीची वाटावी. कोणाला ‘त्याला’ म्हणावयाचे आणि कोणाला नुसते कर्म म्हणून सोडून द्यावयाचे, हा प्रश्न कथावाङ्मयातही पाहणाऱ्याच्या आणि पाहिलेल्याच्या अंतराशी निगडित असतो.

जेनिंग्जच्या निरीक्षणांना पुढे वाईट दिवस आले. कर्ण्याच्या आकाराच्या स्टेंटर या जीवावर कार्मिनचे कण सोडले असता तो आधी वाकून बाजूला होतो, मग पक्ष्माभिकांचा प्रवाह उलटवतो, मग आखडतो आणि शेवटी आपली जागा सोडून जातो, असे त्याने १९०२ मध्ये नोंदवले होते. १९६७ मध्ये हे पुन्हा करून पाहण्याचा प्रयत्न फसला आणि मूळ निरीक्षणावरच संशय आला; पण त्या प्रयत्नात स्टेंटरची दुसरीच जात वापरली होती. २०१९ मध्ये हार्वर्डमधील जेरेमी गुणवर्धने यांच्या गटाने योग्य जात घेऊन जेनिंग्जचे म्हणणे सांख्यिकीच्या आधाराने पडताळले. एकशे सतरा वर्षांनी एका माणसाची क्रियापदे त्याला परत मिळाली.

६. रूपकाची मोजदाद

एकेका शिकारीकडून शेकडो शिकारींकडे जाण्याचे काम मॉस्कोतील गेओर्गी गाउझे याने केले. त्याचा १९३४ मधील ग्रंथ अस्तित्वासाठीच्या झगड्याविषयी आहे. हा शब्दप्रयोग डार्विनचा, आणि आपण तो व्यापक आणि रूपकात्मक अर्थाने वापरीत आहोत असे डार्विनने १८५९ मध्येच सांगून ठेवले होते. तेविशी-चोविशीतल्या गाउझेने ते रूपक काचेच्या नळ्यांत घातले आणि मोजले.

पार्श्वभूमी अशी की, लोत्का याने १९२५ मध्ये आणि एड्रियाटिक समुद्रातील मासेमारीच्या आकड्यांवरून विचार करीत व्होल्तेरा याने १९२६ मध्ये स्वतंत्रपणे असे गणित मांडले होते की, शिकारी आणि भक्ष्य यांच्या संख्या एकापाठोपाठ एक अशा वरखाली होत राहाव्यात. गाउझेने ओटच्या काढ्यात पाच पॅरामेशियम सोडली, दोन दिवसांनी तीन डिडिनियम सोडली. चढउतार झालेच नाहीत. डिडिनियमने सारी पॅरामेशियम संपवली आणि मग स्वतः उपाशी मरून गेली. भक्ष्य विरळ झाले तरी डिडिनियमचे विभाजन थांबत नव्हते. नवी पिढी अधिकाधिक लहान होत गेली, इतकेच. नळीच्या तळाशी गाळाचा आडोसा ठेवला तेव्हा उलट घडले : शिकारी भुकेने मेला आणि आडोशातली पॅरामेशियम पुढे बेसुमार वाढली. बाहेरून ठरावीक दिवसांनी एकेक जीव आत सोडत राहिले तेव्हाच चढउतार दिसू लागले.

१९७३ मध्ये लकिनबिल याने पाण्यात मिथाइल सेल्युलोज घालून ते दाट केले आणि पॅरामेशियमचे अन्नही कमी ठेवले. दोघांच्याही हालचाली मंदावल्या, गाठी कमी पडू लागल्या आणि शिकारी व भक्ष्य दीर्घकाळ एकत्र नांदले. एकट्या डिडिनियमकडे पाहून जो पराक्रम वाटतो, तो बंद नळीत आत्मनाश ठरतो, आणि दाट पाण्यात सहजीवन. शिकारीला कौशल्य म्हणावे की विनाश, हे शिकाऱ्यावर नव्हे, तर भोवतालच्या पाण्यावर अवलंबून असते. ‘बलवान जगतो’ असे सुभाषित डार्विनच्या नावावर खपवणाऱ्यांनी गाउझेची पहिली नळी एकदा पाहावी.

७. मृगया

शेवटचा टप्पा अगदी अलीकडचा. लॅक्रिमेरिया ओलोर या जीवाची ओळखही म्यूलरच्या १७८६ च्या ग्रंथापर्यंत मागे जाते. नावात लॅटिनमधील अश्रू आणि हंस हे दोन्ही शब्द आहेत : अश्रूसारखे शरीर, हंसासारखी मान. ही मान शरीराच्या जवळपास तीसपट लांब होऊ शकते आणि तेही अर्ध्या मिनिटाच्या आत. मूळचे मेरठचे आणि स्टॅनफर्ड विद्यापीठात काम करणारे मनू प्रकाश आणि त्यांचे सहकारी यांनी यावर दोन महत्त्वाचे निबंध लिहिले. २०२४ च्या निबंधात ही मान कागदाच्या घड्यांसारख्या वक्र दुमडींतून कशी उलगडते आणि परत मिटते, हे एलियट फ्लॉम यांच्यासह दाखवले आहे. २०१९ च्या निबंधाचा विषय मात्र आमच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. मान लांब करून हा जीव ती सर्व बाजूंना फटकारीत राहतो. कोणती दिशा घ्यावयाची हे ठरवणारे केंद्र त्याच्याजवळ नाही. तरीही मानेचे लांबणे-आखडणे आणि टोकाच्या पक्ष्माभिकांची हालचाल यांच्या मेळातून भोवतालचा सारा परिसर चाचपून होतो. या वर्तनाला निबंधाच्या शीर्षकातच ‘शिकार’ म्हटले आहे, आणि ती घटकांच्या परस्परक्रियेतून उद्भवणारी आहे असे विशेषणही जोडले आहे.

बाल्बियानीचा शब्द दीडशे वर्षांनी शास्त्रीय शीर्षकात परत आला, पण तो तसाच परत आला नाही. आता त्यात नेम धरणारा धनुर्धर नाही. आहे तो शोध. येथे संस्कृतातील जुना शब्द आठवतो. ‘शिकार’ हा फारसीतून आला; त्याआधीचा आपला शब्द ‘मृगया’. धातुपाठात ‘मृग्’ या धातूचा अर्थ अन्वेषण असा दिलेला आहे. शिकार म्हणजे मुळात मारणे नव्हे, शोधणे. लॅक्रिमेरियाचे जे वर्तन मोजले गेले त्याला ‘मृगया’ हा शब्द अलंकारावाचून लागू पडतो. या अर्थाने मृगयेला मन लागत नाही. शोध घडवून आणणारी रचना लागते.

८. वर्गासाठी काही

साहित्याच्या विद्यार्थ्यांमध्ये दोन समजुती रूढ असतात. एक, शास्त्राच्या भाषेत रूपके नसतात. दुसरी, असली तरी ती केवळ समजावून सांगण्यापुरती असतात आणि काढून टाकल्याने काही बिघडत नाही. वरील इतिहास दोन्हींना आधार देत नाही. एरेनबर्गचे ‘जठर’ काढून टाकावे लागले. बाल्बियानीचा ‘बाण’ राहिला आणि ‘फेकणे’ गेले. जेनिंग्जची क्रियापदे संशयित ठरून पुन्हा मान्य झाली. डार्विनचे रूपक नळीत जाऊन आकडे घेऊन आले. दुसरीकडे, लोबने सुचवलेली कर्ताहीन भाषाही निर्दोष ठरली नाही, कारण तिने स्टेंटरच्या वर्तनातली क्रमवारता दिसू दिली नसती. कर्ता नाकारणे हेही एक विधानच असते आणि त्यालाही पुरावा द्यावा लागतो.

म्हणून आमची एक सूचना आहे. प्रयोग हा विषय शिकवताना आपण पुस्तकातली तीच ती वाक्ये वापरतो. त्याऐवजी प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतून अर्धा तास मागून घ्यावा, विद्यार्थ्यांना थेंबातले जीव पाहू द्यावेत आणि जे दिसले ते कर्तरी, कर्मणी व भावे अशा तिन्ही प्रयोगांत लिहावयास सांगावे. मग प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न ठेवावा : या क्रियापदाने जे सांगितले आहे, त्यातले किती तुम्ही पाहिले? हा प्रश्न विचारण्याची सवय एकदा लागली की ती सूक्ष्म जीवांपुरती राहत नाही. वर्तमानपत्रातील ‘जमाव भडकला’ आणि ‘गोळीबार झाला’ या वाक्यांत कर्ता कोणाला दिला आणि कोणाचा काढून घेतला, हेही विद्यार्थी मग आपणहून तपासू लागतात.